कलियोपीच्या घरचे सहा पाहुणे

ॲडलेड
रविवार, १७ जानेवारी १९८८

ताई,

सहा मासे दोनशे दहा डॉलरना पडले. हा झाला पावतीवरचा हिशोब. खरा हिशोब निराळा आहे. ज्या जर्मनाकडून ते घेतले तो हार्टविग आधी मला कोपऱ्यातल्या टँकमधले मरतुकडे दाखवत होता. मी मधल्या टँककडे बोट केलं, तर म्हणाला, "ते विकायचे नाहीत." मी म्हटलं, "बरं. आणि तुझ्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल आलीय, तीही ठेवायचीच आहे का?" मग दोन शनिवार त्याच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या, फुकट. आता जिना चढताना माझे दोन्ही गुडघे बोलतात. तेव्हा या माशांकडे बघताना डॉलर मोजू नकोस, माझे गुडघे मोज.

हे पत्र खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. आधी ते पुरतं वाच, मग पिशव्यांना हात लाव. तुझी सवय मला माहीत आहे.

खोलीचे पडदे ओढ. टँकचा दिवा लावायचा नाही, उद्यासुद्धा नाही. पिशव्या तशाच बंद, पाण्यावर तरंगू दे, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम होईल. मग पिशवी उघडून तिच्यात टँकमधलं पाणी कपाने थोडं थोडं घालत राहा. घाई नको. शेवटी मासा जाळीने उचलून टँकमध्ये सोड, पिशवीतलं पाणी मोरीत. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना काळा कागद लाव. डिस्कस हा भित्रा मासा आहे, त्याला पाठीशी भिंत लागते. आज खायला घालायचं नाही. उद्या बैलाच्या हृदयाचा खिमा, बोटाच्या पेरावर मावेल एवढाच. सोबत बांधून दिलाय. फिल्टरमधला तो मळका स्पंज धुवायचा नाही म्हणजे नाही. मळका दिसतो, पण टँकचा जीव त्याच्यात आहे.

ख्रिसमसला ठरलं ते लेखी असलेलं बरं, नंतर मला ऐकू आलं नव्हतं म्हणशील. सहापैकी चार मासे ईस्टरपर्यंत जगले आणि तुझ्या हातून खायला लागले, तर तुझं थेव्हेनार्डचं घर विकायची गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. नाही जगले, तर तू सामान बांधून माझ्याकडे यायचंस. पांतेलिसभावजी जाऊन सहा वर्षं झाली. तुझे कान गेले. गेल्या हिवाळ्यात किटली जळून कोळसा झाली, आणि धूर शेजारच्या मार्लीनला दिसला, तुला नाही. मी ख्रिसमसला दार ठोठावून ठोठावून शेवटी खिडकीतून आत आलो, या वयात, या पोटासकट. जो माणूस दारावरची थाप ऐकू शकत नाही त्याने एकटं राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथे तुला एकटं वाटायचं नाही. माझा थोडोरिस, माझी एवदोक्सिया, त्यांची पोरंबाळं धरून दर रविवारी माझ्या टेबलाला दहा माणसं असतात. इतका गोंगाट की तुझे कान गेलेत हे तुलाच सुख वाटेल.

तुझा,
फोटी

*

थेव्हेनार्ड
शुक्रवार, २२ जानेवारी

फोटी,

पाहुणे पोचले. बसच्या ड्रायव्हरने खोका उतरवताना विचारलं, यात काय आहे? त्याचे ओठ वाचता आले, दाढी नव्हती म्हणून. मी म्हटलं, पाहुणे. तो दोन पावलं मागे सरकला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पडदे, काळा कागद, कपाने पाणी. स्पंजला हात लावला नाही, हात शिवशिवत होते तरी. एक गोष्ट मात्र मी तुझ्याहून बरी केली. ख्रिसमसला तू बागेच्या नळीने टँक भरून गेला होतास. नळाच्या पाण्याने! फोटी, इतकी वर्षं ॲडलेडला राहून तुला शहरी सवयी लागल्या. या गावात नळाचं पाणी झाडांना आणि संडासाला. माणसाला, चहाला, देवाच्या दिव्याखालच्या फुलांना टाकीतलं, छपरावरून आलेलं पावसाचं. पांतेलिस असता आणि त्याच्या घरात मी पाहुण्याला नळाचं पाणी दिलं असतं, तर त्याने मला माहेरी पाठवलं असतं, आणि माहेर आहे ग्रीसला. मासे यायच्या आदल्या दिवशी मी ते सगळं पाणी काढलं आणि टाकीचं भरलं. बादल्या मार्लीनने उचलल्या. हीटर लावून ठेवला. पाणी काचेसारखं दिसतं.

मासे तू ताटाएवढे म्हणाला होतास, ते बशीएवढे निघाले. असो. पहिल्या दिवशी सुंदर होते, निळ्या रेघांचे, लाल डोळ्यांचे. आता काळे पडलेत. लाकडाच्या मागे सगळे एका कोपऱ्यात, कल्ले भराभर हलतात, एक जरा तिरका झालाय. खिम्याला तोंड लावलं नाही. माशाला बैल खायला घालायचा ही कल्पना तुझी की त्या जर्मनाची? आमच्या बोटीवर मासा असा दिसायला लागला की पांतेलिस म्हणायचा, बर्फ आण.

पाहुणे नवीन घरी दोन दिवस लाजतात, तसंच असेल. तू काळजी करू नकोस.

कलियोपी

*

ॲडलेड
रविवार, ३१ जानेवारी

ताई,

तुझं पत्र बुधवारी दुकानात आलं. एक गिऱ्हाईक समोर उभं होतं, निळी फरशी की हिरवी असं विचारत. "हिरवी," म्हटलं, त्याच्याकडे न बघता, आणि मार्लीनला फोन लावला. (त्याला निळी हवी होती. परत आला काल.)

मार्लीनला काय सांगितलं ते तिने तुला लिहून दाखवलंच असेल, तरी तिची लिहायची तऱ्हा मला माहीत नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

चूक तुझी नाही, माझी. मी तुला सगळं सांगितलं, पाण्याला हात लावू नकोस एवढंच सांगितलं नाही. मला सुचलंच नाही. हे मासे हार्टविगच्या घरात अंड्यातून बाहेर आले ते ॲडलेडच्या नळाच्या पाण्यात. आपल्याला ते पाणी तोंडात धरवत नाही, त्यांचं ते दूध आहे. पावसाचं पाणी कोरं असतं. त्यात क्षार नाही, काही नाही, मासा त्यात उघडा पडतो. वर त्यात मासे राहिले की ते दिवसेंदिवस आंबट होत जातं, आणि ते सावरायला पाण्यात काहीच नसतं. तू त्यांना घरातली सगळ्यात चांगली वस्तू दिलीस, आणि तिनेच त्यांना धाप लागली.

आता एकदम नळाचं पाणी ओतलंस तर होते तेही जातील. एका बादलीत नळाचं पाणी घे, मी खोक्यात पाठवलेल्या बाटलीतले थेंब घाल, नळातलं औषध मरतं त्याने. हवेच्या पंपाची बारीक नळी बादलीत सोड, तिला सैलशी गाठ मार, आणि टँकमध्ये थेंब थेंब पडू दे. सलाईन लावतात तसं. दिवसभरात एक बादली, जास्त नाही. तेवढंच पाणी बाहेर काढ. रोज. रंग परत येईपर्यंत.

काय होतं ते लगेच कळव. मला इथे झोप नाही.

फोटी

*

थेव्हेनार्ड
मंगळवार, ९ फेब्रुवारी

फोटी,

मार्लीन त्या बुधवारी पीठ लागलेल्या हातांनी धावत आली आणि माझ्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पाणी चूक आहे. घाई करू नको. तुझा भाऊ ओरडतोय." तू ओरडतोयस हे मला लिहून कळवायची काय गरज होती, ते तिलाच ठाऊक. पण वाचून बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं.

नळी लावली. थेंब थेंब. मी खुर्ची टाकून समोर बसले, जसं पांतेलिसच्या उशाशी बसायचे. तो तिरका झालेला दुसऱ्या दिवशी गेला. सगळ्यात लहान होता. लिंबाच्या झाडाखाली पुरला. मार्लीनला वाटलं मी तो तळेन. मी तिच्याशी एक दिवस बोलले नाही.

पाच उरले. आठवड्याने त्यांच्यावरचा काळा रंग उतरायला लागला, निळ्या रेघा दिसायला लागल्या. चार जगवायचे आहेत, तेव्हा तू अजून दारातच उभा आहेस, आत आलेला नाहीस.

तू फोन दोन दिवस उशिरा केला असतास तर पैज तू जिंकला असतास. हे मला कळतं. तुला फोन लावताना कळत होतं की नाही, ते मला माहीत नाही.

आता दुसरं ऐक. रंग आला, तरी खायला येत नव्हते. खिमा टाकला की पुढे यायचे, आणि मग अचानक सगळे एकदम उडून मागच्या काचेवर आपटायचे. खोलीत काहीही हललेलं नसायचं. मी म्हटलं, घरात काही तरी आलंय. देवाचा दिवा टँकच्या बाजूला हलवला. तरी तेच. शेवटी एक दिवस मार्लीन बसली होती. मी मागच्या दाराने कपडे वाळत घालायला गेले, परत आले, तर मासे उडालेले आणि मार्लीन कानावर हात ठेवून बसलेली. मी विचारलं, काय झालं? तिने पाटीवर लिहिलं: "तुझं दार."

मागचं जाळीचं दार, फोटी. मी सोडते, ते आपटतं. मला कसं कळणार? मार्लीनने लिहिलं, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणे, काही वर्षं. मग सांगितलं का नाहीस? तिने लिहिलं: "वाटायचं तू आमच्यावर रागावलेली आहेस."

अख्खी गल्ली मला रागीट म्हातारी समजत होती. म्हणून कोणी यायचं नाही, आणि मला वाटायचं पांतेलिस होता तोवरच लोक यायचे.

बोटीच्या कडेला बांधतात त्या रबराचा एक तुकडा शेडमध्ये होता. तो दाराच्या चौकटीला ठोकला. आता मासे उडत नाहीत. पण तुझा बैल त्यांना अजून आवडत नाही.

कलियोपी

*

ॲडलेड
रविवार, २१ फेब्रुवारी

ताई,

लहान गेला त्याचं वाईट वाटलं. हार्टविगला सांगितलं तर म्हणाला, "माझ्या हातून एवढ्या अडचणीत निम्मे गेले असते." तो कोणाची स्तुती करत नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

दाराचं वाचून मी हसलो, मग हसलो नाही. मीही तुझ्याकडे यायचो तेव्हा ते दार ऐकायचो. मलाही तसंच वाटलं होतं, ताई. खोटं कशाला बोलू.

बैल सोड. कोलंबी घे, ताजी, तुमच्या धक्क्यावरची. सोलून, दोरा काढून, अगदी बारीक चिरून घे, त्यात लसणाची अर्धी पाकळी ठेच. लसूण त्यांना लांबून कळतो. एक तुकडा बोटांत धरून पाण्यात हात ठेव आणि हलू नकोस. हात तुझा आहे की लाकूड आहे असं वाटायला हवं. पहिल्या दिवशी येणार नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्यात मोठा आधी येईल, त्याच्या मागून बाकीचे. एकटा ठेवला तर हा मासा उपाशी मरेल पण खाणार नाही. म्हणून सहा घेतले होते, दोन नाही.

आता खरं सांगतो. मी डिस्कस मुद्दाम निवडले. पहिल्यांदा पाळणाऱ्याच्या हातून हे मासे बहुतेक जातातच. सोन्याचे मासे पाठवले असते तर तू ते घमेल्यातही जगवले असतेस. आता बोल काय बोलायचं ते.

आणखी एक. माझ्या दुकानात एक माणूस येतो, लिओनार्ड म्हणून, निवृत्त होऊन समुद्राकाठी घर शोधतोय. तुझ्या घराचा फोटो दाखवला. रोख द्यायला तयार आहे. ईस्टरनंतर बघायला येईन म्हणतो. मी शब्द दिलेला नाही, नुसतं बोललोय. तू चार मासे हातून जेवायला लावलेस तर त्याला नाही म्हणेन. पण त्याची किंमत चांगली आहे, आणि तुझ्या दारावर कोणी आलं तर तुला कळत नाही, हे मासे आले म्हणून बदललेलं नाही.

इथे सगळे जेवायला बसलेत, लिहिताना कोणाचं तरी कोपर लागतंय, म्हणून अक्षर असं.

फोटी

*

थेव्हेनार्ड
मंगळवार, १५ मार्च

फोटी,

अक्षर चांगलं होतं. कोपर कोणाचंही लागलेलं नव्हतं. पण ते मागून.

पाचही मासे माझ्या हातून खातात. कोलंबी आणि लसूण, माणसासारखे. आधी मोठा आला, तू म्हणालास तसा. तीन दिवस हात पाण्यात ठेवून बसले, बोटं खजुरासारखी झाली. चौथ्या दिवशी त्याने येऊन बोटाला टोचून बघितलं, मी हलले नाही, मग तुकडा ओढून घेतला. आता मी खोलीत आले की सगळे पुढच्या काचेला येऊन माझ्याकडे बघतात. पांतेलिससुद्धा जेवायच्या वेळेलाच असा बघायचा.

तू सोन्याचे मासे पाठवले नाहीस ते बरं केलंस. मला हरवायला मासे पाठवलेस आणि मला जिंकवायला पत्रं पाठवलीस. दुकान असं चालवत असशील तर लवकरच उपाशी मरशील.

आता तुझ्या लिओनार्डविषयी. तो ईस्टरपर्यंत थांबला नाही. गेल्या गुरुवारी आला, न कळवता. ती गोष्ट नीट वाच.

मी टँकसमोर विणत बसले होते. मासे पुढच्या काचेला, शांत. एकदम सगळे वळले, एकाच वेळी, रस्त्याच्या भिंतीकडे तोंड करून थबकले. उडाले नाहीत, फक्त वळले. हे मी आधी पाहिलं होतं. पुढचं लोखंडी फाटक आपटलं की असंच वळतात. मार्लीन आली की, पोस्टमन आला की, चर्चचे पाद्री आले की. फाटकाचा दणका जमिनीतून टँकपर्यंत पोचतो, आणि माझ्यापर्यंत त्यांच्याकडून. पाद्र्यांनी तर, त्यांनी थाप मारायच्या आत मी दार उघडलं म्हणून, छातीवर क्रूसाची खूण केली होती.

मी उठले, दार उघडलं. तुझा लिओनार्ड पायरीवर, हात थाप मारायला वर उचललेला. मला म्हणतो, "अहो, मला सांगितलं होतं की तुम्हाला ऐकू येत नाही." मी म्हटलं, "येत नाही." तो घाबरला. मी त्याला आत घेतलं, कॉफी दिली, टाकीच्या पाण्याची. मासे दाखवले. घर बघायचंय म्हणाला. मी म्हटलं, बघा की, विकायचं नाही, पण बघायला काय जातं? बघून, कॉफी पिऊन गेला. माणूस चांगला आहे. त्याला दुसरं घर शोधून दे.

किटलीचं म्हणशील तर मी विजेची आणली आहे, उकळलं की आपोआप बंद होते. मार्लीनने दुकानातून आणून दिली. खरं तर ती ख्रिसमसलाही आणता आली असती. पण तू खिडकीतून आत आलास आणि ओरडायला लागलास, म्हणून मी हट्ट धरला.

हरलास, फोटी. आता माझं ऐक.

तुझी सगळी पत्रं मी या टेबलावर पसरून ठेवली आहेत. सगळी रविवारची आहेत. पाच-पाच पानं. दहा माणसांना वाढताना कोणी पाच पानं लिहीत नाही. मी पांतेलिसच्या सगळ्या भावांना वाढलंय, रविवारी मला पाणी प्यायला वेळ नसायचा. मी काही विचारत नाही. फक्त एवढं लिहिते की आपला ग्रीक ईस्टर दहा एप्रिलला आहे, कोकरू मार्लीनच्या मुलाने सांगून ठेवलंय, लाल अंडी मी रंगवीन, आणि पांतेलिसची खोली झाडून ठेवली आहे. पाच मासे आहेत, सहावी जागा रिकामी आहे.

ये.

कलियोपी

*

ॲडलेड
रविवार, २७ मार्च

ताई,

लिओनार्डला नाही म्हणून सांगितलं. तो दुकानात येऊन म्हणाला, "तुझी बहीण चेटकीण आहे का?" मी म्हटलं, "आमच्या घराण्यात आहेत तशा." तो पोर्ट लिंकनला घर बघतोय.

बसचं तिकीट काढलंय, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीचं, आपल्या गुड फ्रायडेच्या. सकाळी पोचेन. फाटक नेहमीसारखं आपटीन, तुझ्या मंडळींना उगाच चुकवायला नको. लसूण मी आणतो, माझ्या बागेतला. दुकान किती दिवस बंद ठेवायचं ते अजून ठरवलं नाही. गडी म्हणतो, तुम्ही नसलात तर विक्री वाढेल.

तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. मी पाण्याचं सांगायला विसरलो तसं हे विसरलो नव्हतो, लपवलं होतं.

तुझा,
फोटी

ता. क. थोडोरिस गेल्या ऑगस्टमध्ये बायकामुलांना घेऊन पर्थला गेला. एवदोक्सिया रविवारी सासरी जेवते. रविवारी माझ्या टेबलाला एकच ताट असतं.